परगावी गोळी संपते तेव्हा

माझे औषधांचे दुकान नाशिक रोड स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर आहे. पंचवटी, त्र्यंबक, वणी, शिर्डीच्या वाटेला लागणारे यात्रेकरू रोज भेटतात. त्यातला एखादा हमखास म्हणतो, ‘‘ती बीपीची छोटी पांढरी गोळी द्या. मध्ये रेघ असते ती.’’ अशा पांढऱ्या, रेघेच्या गोळ्या माझ्या कपाटात कितीतरी आहेत. याला नाव ठाऊक नसते आणि चिठ्ठी घरी राहिलेली असते. परगावच्या या अडचणीला इतिहास आहे. आज तोच सांगतो.

रेल्वेपूर्वी यात्रेकरू पायी किंवा बैलगाडीने येत. सुंठ, ओवा, हिरडा, मुरुडशेंग असा आजीबाईचा बटवा बरोबर असे. औषध घरचे आणि देणारेही घरचेच. १८६५ मध्ये रेल्वे थळ घाट चढून वर आली आणि मुंबईहून दिवसांची वाट तासांवर आली. माणसांबरोबर रोगही त्याच वेगाने फिरू लागले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला रेल्वेच्या उतारूंची तपासणी करण्याचा अधिकार दिला. मुंबईहून निघालेल्या उतारूंना कल्याणला तपासत आणि संशय आला की वेगळे काढत. पुढे मोठ्या यात्रांना जाणाऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागे. साथीची भीती खरी होती, हे मान्य. पण डॉक्टर प्रवाशासमोर उभा राहिला तो गावाला त्याच्यापासून वाचवण्यासाठी. प्रवाशाचे स्वतःचे जुने दुखणे काय, हे विचारणे त्या व्यवस्थेचे काम नव्हते.

आज उतारूच्या पिशवीत रक्तदाब, मधुमेह, थायरॉईडच्या गोळ्या असतात. हे विकार देवदर्शनासाठी सुट्टी घेत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी थांबवल्या तर रक्तदाब उसळतो, छातीत धडधडते. चिठ्ठीशिवाय अशी गोळी देऊ नये, असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. अंदाजाने दिलेली गोळी न दिलेलीपेक्षा वाईट ठरू शकते. म्हणून मी अशांना आधी जवळच्या डॉक्टरांकडे पाठवतो. तिथेही पहिला प्रश्न तोच, ‘‘आधी काय चालू होते?’’

गंमत पाहा. हाच यात्रेकरू रामकुंडावर गेला की तीर्थोपाध्याय त्याचे गाव आणि आडनाव विचारून वही उघडतात. पणजोबा कधी आले होते आणि सोबत कोण होते, ते तिथे लिहिलेले सापडते. घरापासून शेकडो कोस दूर त्याच्या कुळाची नोंद आहे. पण आज सकाळी कोणती गोळी घ्यायची, याची नोंद कुठेच नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत पात्र माणसाला परराज्यातही योजनेतील रुग्णालयात उपचार मिळतात, मात्र ते दाखल होण्यापुरते. रोजच्या गोळीचा प्रश्न त्यात सुटत नाही. २०२१ पासून चौदा आकडी ‘आभा’ क्रमांकावर आरोग्याच्या नोंदी जोडता येतात. पण नुसता क्रमांक काढून वही भरत नाही. कुणीतरी त्यात लिहायला हवे आणि समोरच्या दवाखान्यात ती उघडायलाही हवी.

सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, म्हणजे २०१५ नंतर २०२६-२७ मध्ये. लाखो लोक या स्टेशनावर उतरणार. तंबू, पाणी, रस्ते यांचा हिशेब सरकार करते. गोळीचा हिशेब घरातून निघण्यापूर्वी आपणच करावा. कंपनीचे नाव गावोगाव बदलते, म्हणून औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि वेळ कागदावर लिहून घ्या. गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या आणि त्या मोठ्या बॅगेत नको, अंगाजवळ ठेवा. गाडीतच त्रास झाला तर १३९ वर फोन करा. वडीलधारी माणसे यात्रेला निघाली की आपण तिकीट दोनदा तपासतो. त्यांच्या खिशातली चिठ्ठी एकदा तरी तपासावी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)