सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन आणि हृदयविकार

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन (सीआरपी) : शरीरात दाह सुरू झाला की यकृतात तयार होऊन रक्तात वाढणारे प्रथिन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस यांना ते १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले.

रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचते, तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि दाह धुमसत राहतो. त्यातून सुटणाऱ्या इंटरल्यूकिन-६ मुळे यकृत सीआरपी बनवू लागते. दाहाने साचलेल्या थराचे आवरण पातळ होऊन फाटले, की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो.

न्यूमोनियात सीआरपी लिटरमागे शेकडो मिलिग्रॅमवर जाते. हृदयरोग्यात वाढ जेमतेम असते. म्हणून ‘एचएस-सीआरपी’ ही अतिसंवेदनशील तपासणी करतात. रिपोर्टमध्ये १ पेक्षा कमी आकडा म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेल्यास आधी संसर्ग शोधावा आणि काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. साधा ताप, हिरड्यांची सूज, संधिवात, धूम्रपान, पोटावरची चरबी यांनीही आकडा चढतो. एकाच रिपोर्टवरून घाबरून जाऊ नये.

ज्युपिटर चाचणीत (२००८) एलडीएल कोलेस्टेरॉल १३० च्या आत, पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या १७,८०२ निरोगी व्यक्ती होत्या. रोझुव्हास्टॅटिनमुळे त्यांच्यातील हृदयविकार, पक्षाघात आदी घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. मात्र या औषधाने दाहाबरोबर कोलेस्टेरॉलही उतरते, तेव्हा श्रेय कोणाचे, हा प्रश्न उरला. कँटोस चाचणीने (२०१७) तो सोडवला. कॅनाकिनुमॅब हे औषध दाह पेटवणाऱ्या इंटरल्यूकिन-१ बीटाला रोखते, कोलेस्टेरॉलला हात लावत नाही. झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांच्या या चाचणीत १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने पुढील घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. प्राणघातक संसर्ग मात्र वाढले.

सीआरपी स्वतः रोहिणी बिघडवत नाही, असे जनुकीय अभ्यास सांगतात. ते दाहाची खबर देते. उपचार दाहावर करायचा असतो.

त्यासाठी सध्या कोल्चिसिन वापरात आहे. गाऊटचे हे जुने, स्वस्त औषध. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही हे द्रव्य असते आणि तो कंद विषारी आहे. कोलकॉट चाचणीत (२०१९) रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमने हृदयघटना २३ टक्क्यांनी घटल्या, तर २०२४ च्या क्लिअर चाचणीत फायदा दिसला नाही. मूत्रपिंडे कमकुवत असल्यास किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असल्यास कोल्चिसिन रक्तात साठून विषबाधा होऊ शकते.