परळची प्रयोगशाळा आणि लाल पेशींचा आकार

ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईत आली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये भरणारी प्लेगची प्रयोगशाळा तोवर ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली जाऊ लागली होती. बाळंतपणात बायका दगावण्याची कारणे शोधण्याचे मोठे काम त्या काळात हाती घेतले गेले होते. विल्सबाईंच्या वाट्याला आला त्यातला एक विचित्र पंडुरोग.

गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायका, त्यांत गिरणीत राबणाऱ्याही, पांढऱ्याफटक पडून रुग्णालयात येत. पायांवर सूज, जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की धाप. लोह देऊनही अनेकींना उतार पडत नसे. दुखणे नेमके काय, याचा पहिला धागा रक्ताच्या थेंबात मिळाला.

त्या वेळी रक्त तपासणे म्हणजे हाताचे, डोळ्यांचे आणि चिकाटीचे काम होते. बोटाला सुई टोचून आलेला थेंब बारीक काचनळीत तोंडाने ओढून घ्यायचा, तोही नेमका 0.5 च्या खुणेपर्यंत. मग 101 च्या खुणेपर्यंत पातळ करणारे द्रावण ओढायचे, म्हणजे रक्त दोनशे पट पातळ होते. हे मिश्रण रेघा आखलेल्या काचेच्या कक्षात सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली 80 बारीक चौकोनांतल्या लाल पेशी एकेक करून मोजायच्या. आलेल्या आकड्याला दहा हजारांनी गुणायचे. पाचशे पेशी भरल्या तर एका घनमिलिमीटर रक्तात 50 लाख, दीडशेच भरल्या तर जेमतेम 15 लाख. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. हिमोग्लोबिनसाठी वेगळी नळी. तिच्यात रक्त आणि सौम्य आम्ल मिसळले की तपकिरी रंग येई. शेजारच्या काचेच्या रंगाशी तो जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालत बसायचे.

या दोन आकड्यांची सांगड घातली की मेख कळे. लोह कमी पडले तर पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या रक्तात उलटेच चित्र होते. पेशींची संख्या फार घसरलेली, पण उरलेली एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी आणि हिमोग्लोबिनने भरलेली. ‘पर्निशियस ॲनिमिया’ या जीवघेण्या आजारात असेच रक्त दिसते, आणि त्यावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय 1926 मध्येच सापडला होता. पण त्या आजारात मज्जातंतूंना होणारी इजा या बायकांत आढळत नव्हती. म्हणजे रक्त सारखे दिसले तरी रोग निराळा होता.

विल्सबाईंनी मग सूक्ष्मदर्शकावरून नजर उचलून ताटाकडे वळवली. तळपदे या सहसंशोधकाबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान तपासले. तो अभ्यास 1930 साली प्रसिद्ध झाला. जिथे आहार निकृष्ट, भाज्या-फळे नावापुरती, तिथे हा पंडुरोग अधिक दिसत होता. तसाच आहार देऊन कुन्नूरच्या प्रयोगशाळेत उंदीर पाळले, तर त्यांनाही पंडुरोग झाला. पुढे कळले की उंदरांचा आजार उवांमधून पसरणाऱ्या जंतूंमुळे होता! प्रयोग फसला, पण विल्सबाई अडल्या नाहीत. त्या माकडांकडे वळल्या.

पोषण ढासळलेल्या एका माकडाला त्यांनी मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. माकड सुधारले. मग हाच अर्क रुग्ण बायकांना दिला. अशा वेळी उपाय लागू पडतो की नाही, हे सांगणारी खूणही रक्तातच असते: अस्थिमज्जेतून नुकत्याच सुटलेल्या कोवळ्या लाल पेशी. निळ्या रंगाने रंगवल्या की त्यांच्यातली जाळी दिसते, आणि काही दिवसांतच त्यांची संख्या झपाट्याने वाढली तर गाडी रुळावर आली समजायचे. विल्सबाईंचे निष्कर्ष 1931 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. महागड्या यकृताच्या अर्काला स्वस्त पर्याय मिळाला.

त्या अर्कातले नेमके द्रव्य कोणते, ते मात्र तेव्हा उमगले नव्हते. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. 1941 मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फोलिक ॲसिड वेगळे करण्यात आले. मूळचे आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या चमूने 1945 मध्ये ते कृत्रिमरीत्या बनवले. हाच तो ‘फॅक्टर’. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते.

पेशी मोजण्याचे काम पुढे यंत्राकडे गेले. वॉलेस कूल्टर यांना अशा यंत्राचे पेटंट 1953 मध्ये मिळाले. आता रक्तपेशी मोजणाऱ्या ‘सीबीसी’ तपासणीच्या कागदावर लाल पेशीचे सरासरी आकारमान ‘एमसीव्ही’ या नावाने आपसूक छापून येते. मोठ्या माणसांत ते साधारण 80 ते 100 फेम्टोलिटर असते. बहुतेकांची नजर हिमोग्लोबिनवरच थांबते. पंडुरोग निघाला तर दुकानातून लोहाच्या गोळ्या आणण्याआधी ही ओळही वाचावी, आणि आकडा शंभराच्या वर असेल तर डॉक्टरांना कारण विचारावे.