बाजूने आलेला स्फोट

भारतातील गॅमा-किरण स्फोटांच्या निरीक्षणाचा इतिहास बहुधा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’पासून सांगितला जातो. वस्तुतः तो त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी, बंगालच्या उपसागरात सुरू होतो. 24 मार्च 1987 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या एएसएलव्हीवर ‘स्रॉस-1’ हा छोटा उपग्रह होता आणि त्यावर असे स्फोट टिपणारे उपकरण. प्रक्षेपक समुद्रात कोसळला. 13 जुलै 1988 रोजी ‘स्रॉस-2’चीही तीच गत झाली. मे 1992 मध्ये ‘स्रॉस-सी’ कक्षेत पोचला खरा, परंतु कक्षा अपेक्षेहून खालची ठरली आणि दोन महिन्यांच्या आत तो वातावरणात नष्ट झाला. अखेर 4 मे 1994 रोजी गेलेला ‘स्रॉस-सी2’ टिकला व त्याने अनेक स्फोट नोंदवले. या मालिकेची आठवण आज काढली जाते ती प्रक्षेपकाच्या अपयशांसाठी; तिच्यावरील खगोलीय उपकरण मात्र विस्मृतीत गेले, हे अन्यायाचेच.

एवढा आटापिटा कशासाठी? गॅमा किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून ते पाहायला वर जावे लागते. 2 जुलै 1967 रोजी अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांना पहिला स्फोट दिसला तोही अपघाताने, कारण ते चोरट्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी सोडलेले होते. ही बातमी 1973 पर्यंत प्रसिद्ध झाली नाही. स्फोट केव्हा होईल, कोणत्या दिशेला होईल, हे आधी कळत नाही. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सारे संपते. एकाच ठिकाणी रोखलेल्या दुर्बिणीला तो सापडणे हा निव्वळ योगायोग.

28 सप्टेंबर 2015 रोजी सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरील ‘कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर’, म्हणजेच सीझेडटीआय, नेमके असे एका ठिकाणी रोखायचे उपकरण होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली, पुण्याची आयुका आणि इस्रोची केंद्रे यांच्या सहकार्याने ते घडले. त्याचे दृष्टिक्षेत्र अवघे साडेचार अंशांचे. पण सुमारे 100 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर त्याच्या कडेच्या पातळ धातुभिंती किरणांना अडवू शकत नाहीत. चित्र काढणाऱ्याला ही गळती त्रासदायक. स्फोट शोधणाऱ्याला मात्र तीच सर्व बाजूंनी उघडी खिडकी.

6 ऑक्टोबर 2015 रोजी उपकरण सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी ‘जीआरबी 151006ए’ त्यात उमटला, रोखलेल्या दिशेपासून सुमारे 60 अंश बाजूने! शिवाय एका चौकटीत आदळून विखुरलेला फोटॉन शेजारच्या चौकटीत पकडला गेला, तर विखुरण्याच्या दिशांवरून प्रकाशाचे ध्रुवण मोजता येते. स्फोटातून निघालेल्या झोतात चुंबकीय क्षेत्राची रचना कशी आहे, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. असे मापन अवघड असते, कारण त्यासाठी स्फोट प्रखर लागतो आणि फोटॉन तर मोजकेच मिळतात.

जानेवारी 2017 मधला प्रसंग तर एखाद्या तपासकथेसारखा आहे. 4 तारखेला गुरुत्वीय लहरींची नोंद झाली. त्याच आकाशभागात ‘अ‍ॅटलस’ सर्वेक्षणाला झपाट्याने मंदावणारा एक प्रकाशबिंदू दिसला. कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून प्रकाश निघाला की काय? तसे असते तर तो अभूतपूर्व शोध ठरला असता. सीझेडटीआयच्या नोंदींत 5 तारखेचा एक गॅमा-किरण स्फोट सापडला. वरुण भालेराव व सहकाऱ्यांनी दाखवले की तो बिंदू म्हणजे या वेगळ्याच स्फोटाची मागाहून उरलेली प्रभा होती. लहरींशी तिचा काही संबंध नव्हता.

22 नोव्हेंबर 2023 रोजी सीझेडटीआयने सहाशेवा स्फोट नोंदवला. मात्र खालच्या कक्षेतून पाहताना जवळपास एक-तृतीयांश आकाश पृथ्वीच झाकून टाकते. म्हणून आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेल्या ‘दक्ष’ मोहिमेच्या प्रस्तावात दोन उपग्रह आहेत, पृथ्वीच्या परस्परविरुद्ध बाजूंना.