मोटारीचा सूर

तंबोरा आणि मोटार यांचे नाते जोडू पाहणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच पाहतील. परंतु इंग्रजी भाषेने ते नाते केव्हाच जोडून ठेवले आहे. वाद्य सुरात लावण्याला तिच्यात जो शब्द, तोच बिघडत चाललेले इंजिन पुन्हा ठीक चालते करण्याला. आपल्या मिस्त्रीमंडळींनी तो शब्द उचलला आणि त्याचे ‘ट्यूनिंग’ केले. ‘गाडी ट्यूनिंगला आलीय’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मोटारवाला एके काळी महाराष्ट्रात शोधून सापडला नसता. शब्द आजही आहे. मात्र त्याच्या आत जे काम होते ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत हळूहळू निघून गेले आणि तेथे दुसरेच येऊन बसले. घर तेच, भाडेकरू निराळा. हा भाडेकरू कसा बदलला ती हकीकत मौजेची आहे, आणि थोडी मनाला लागणारीही आहे.

पेट्रोलच्या इंजिनाच्या मागण्या फार नाहीत. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण योग्य प्रमाणात हवे, म्हणजे वजनाने एक भाग पेट्रोल असेल तर सुमारे पावणेपंधरा भाग हवा. ते मिश्रण सिलिंडरात घट्ट दाबले गेले पाहिजे. आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडली पाहिजे. क्षणाचा हा नेमकेपणा फार नाजूक. ठिणगी लवकर पडली तर इंजिन खडखडते, उशिरा पडली तर ते तापते, सुस्तावते आणि पेट्रोल खाते. तंबोऱ्याची तार जशी हवेने उतरते, तसे इंजिन चालण्यानेच उतरते. म्हणजे जितके वापरावे तितके बेसूर!

रस्त्यावरच्या पहिल्या ट्यूनिंगचा मान एका बाईकडे जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८८८ च्या ऑगस्टात बर्था बेंझ नावाची जर्मन गृहिणी नवऱ्याला न सांगता त्याने बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर. वाटेत पेट्रोलाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे वेष्टण झिजले, तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रव विकत घेतले. बाई माहेरी पोचल्या आणि नवऱ्याला तार केली. इंधन, ठिणगी आणि हाताशी असेल ते हत्यार: पुढल्या शतकातले सगळे मिस्त्री याहून वेगळे काय करीत होते?

पण ‘ट्यूनिंग’ला त्याचे नेहमीचे रूप दिले ते चार्ल्स केटरिंग या अमेरिकनाने. हा गृहस्थ इंजिनिअर होण्यापूर्वी ओहायो संस्थानातल्या खेड्यांत शाळामास्तर होता. म्हणजे आमच्याच पेशातला, म्हणून माझे त्याच्यावर अंमळ लक्ष. डेटन शहरी दुकानांतली पैशांची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी करता करता तो रात्री मित्राच्या धान्याच्या कोठारात मोटारीच्या ठिणगीवर प्रयोग करी. त्याची ठिणगीची योजना १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत बसली, आणि १९१२ साली त्याच मोटारीत त्याचा विजेचा स्टार्टर आला. हँडल मारून मनगटे मोडून घेण्याचा काळ तेथून संपू लागला.

केटरिंगची योजना अशी. बॅटरीचा प्रवाह एका कॉइलमधून वाहत असतो. त्या वाटेवर दोन धातूचे ठिपके एकमेकांना टेकलेले असतात, त्यांना आपण ‘पॉइंट’ म्हणतो. इंजिनाबरोबर फिरणारा एक चौकोनी दांडा पॉइंटना धक्का देऊन विलग करतो. प्रवाह एकदम तुटतो, आणि तुटण्याच्या त्या झटक्यात कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळून प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. किती सोपे आणि किती सुंदर! परंतु चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे पॉइंट मिनिटाला सहा हजार वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उघडतात नि मिटतात. ते जळतात, त्यांना खड्डे पडतात, आणि दांड्याला घासणारी त्यांची टाच झिजते. टाच झिजली की पॉइंटमधली फट कमी होते. फट कमी झाली की ठिणगीला उशीर होतो. फट केवढी असायची? अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमीच! एवढ्याशा अंतरावर सबंध मोटारीचा डौल अवलंबून. म्हणून दर काही हजार किलोमीटरांनी कोणी तरी बॉनेट उघडून ते अंतर पुन्हा लावून द्यावे लागे. ट्यूनिंग म्हणतात ते हेच.

१९९० च्या सुमारास, मी शाळकरी असताना, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना हे काम करताना मी तासन् तास पाहिले आहे. समोर बहुधा एखाद्या डॉक्टरांची फियाट असे, १०८९ सीसीच्या चार सिलिंडरांची. मिस्त्री आधी चारही प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडीत आणि वैद्याने जीभ पाहावी तसे त्यांची टोके पाहत. टोक भाजक्या बिस्किटाच्या रंगाचे असेल तर प्रकृती उत्तम. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी. मग पॉइंटवरून काचकागद फिरे, फिलर गेजची पट्टी फटीत सरकवून पाहिली जाई, टॅपेट लागत, कार्बोरेटरची जेटे फुंकून साफ होत. शेवटी इंजिन चालू ठेवून ते डिस्ट्रिब्यूटर हाताने केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवीत. त्या वेळी कोणी बोलले तर त्यांना खपत नसे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटीत.

“डॉक्टर, जरा रेस द्या... बास. आता बोलतीया बघा गाडी!”

मी त्या वयात गाणे शिकत असतो, तर मला ते वेगळे वाटले नसते. त्यांच्याजवळ टायमिंग लाइट होता. पण तो पेटीत असे.

आता वाचक म्हणतील की ही विद्या कोणी बुडवली? आळशी मोटारवाल्यांनी, की लबाड कारखानदारांनी? तसे नव्हे. ती बुडाली धुरामुळे. लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारा जो धुरकट पडदा धरू लागला, त्याचे मूळ मुख्यतः मोटारींच्या नळकांड्यात आहे, हे १९५० नंतरच्या काही वर्षांत आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. १९७० साली अमेरिकेने हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा केला. इंजिन नवे असताना स्वच्छ चालून भागेना; ते वर्षानुवर्षे तसेच चालले पाहिजे, असा आग्रह आला. आणि पॉइंट तर पहिल्याच हजार किलोमीटरांत झिजायला लागतात! तेव्हा झिजणारी वस्तूच काढून टाकणे भाग पडले. १९७३ च्या सुमारास क्रायस्लरने आपल्या मोटारींतून पॉइंट घालवून त्यांच्या जागी न झिजणारी इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसविली. कार्बोरेटरची गतही तीच झाली. बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन १९६७ सालीच फोक्सवॅगनच्या मोटारीत आले होते. १९७६ साली व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसविला, तेव्हापासून इंजिन स्वतःचाच धूर हुंगून स्वतःचे मिश्रण सुधारू लागले.

या कथेत एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला शिक्षक म्हणून बरे वाटत नाही. इंजिनाची खडखड थांबविण्यासाठी पेट्रोलात शिसे घालण्याची युक्ती १९२१ च्या डिसेंबरात निघाली, ती याच केटरिंगच्या हाताखालच्या प्रयोगशाळेत, टॉमस मिजली याच्या हातून. शिसे हे विष आहे हे तेव्हाही अज्ञात नव्हते. तरी ते जगभर घातले गेले. त्याचा थर प्लगवर बसे, तो मिस्त्री खरवडून काढी. रस्त्याकडेच्या शाळेतल्या पोराच्या रक्तात जे शिसे उतरे, ते मात्र कोणाला खरवडता येत नव्हते, आणि शिसे सर्वांत आधी मुलांच्या बुद्धीवर घाला घालते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो, म्हणून त्याच्यासाठी शिसे घालवावे लागले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला, आणि २००० च्या फेब्रुवारीत देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल गेले. जगातून ते संपायला २०२१ उजाडले. अल्जीरिया हा शेवटचा देश.

तेव्हा जुन्या ट्यूनिंगच्या आठवणीने कोणी उसासे टाकू लागले, की मला तो प्लगवरचा करडा थर आठवतो. त्या सुरात तोही होता.

आजच्या मोटारीत सूर लावणे थांबले आहे असे मात्र नव्हे. उलट ते क्षणभरही थांबत नाही. इंजिन किती तापले, हवा किती आली, खडखड होते आहे का, धुरात ऑक्सिजन किती, हे सगळे मोजून एक छोटा संगणक प्रत्येक ठिणगीची वेळ ठरवितो. मिस्त्री जे वर्षातून दोनदा करी, ते तो मिनिटाला हजारो वेळा करतो. मग गॅरेजात ‘ट्यूनिंग’ म्हणून काय उरते? एअर फिल्टर बदलणे, हवेच्या वाटेवरची काजळी धुणे, मुदत भरलेले प्लग टाकून नवे घालणे (आणि इरिडियमचे काही प्लग लाख किलोमीटरच्या घरात टिकतात) आणि यंत्र जोडून संगणकाची तक्रार वाचणे. म्हणजे लावणे कमी, बदलणे व वाचणे जास्त. इंजेक्शनच्या एका गाडीच्या बिलात ‘कार्बोरेटर ट्यूनिंग’ हे कलम मी स्वतः पाहिले आहे. त्या गाडीला कार्बोरेटर कोठे आहे ते दाखवा, एवढेच विचारले. कलम तत्काळ खोडले गेले. वाचकांनी ट्यूनिंगचे पैसे जरूर द्यावेत, पण नेमके काय केले ते विचारून द्यावेत.

शहरी मोटारीत हा बदल २००० च्या आगेमागे झाला. खेड्यापर्यंत तो पोचला १ एप्रिल २०२० रोजी, भारत स्टेज सहाच्या नियमांबरोबर, कारण तेव्हा साध्या मोटारसायकलींनाही बहुतेक कार्बोरेटर सोडावा लागला. मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त शेवटची टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती. तिचीही वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात भरली आणि पद्मिनीचे टॅक्सीपण संपले.

उद्यमनगरातले ते मिस्त्री आता थकले आहेत. गॅरेज मुलगा चालवितो. त्याच्याकडे फोनला जोडायचे ते यंत्र आहे, आणि बापापेक्षा तो अर्ध्या वेळात दोष शोधतो, हे बापच सांगतो. दोष दिसला की मुलगा तो भाग मागवतो. बाप म्हणतो, “आमच्या टायमाला भाग मागवायला पैसं कुठं हुतं? हाय त्योच चालवायचा.” साध्या मोटारसायकलींची टॅपेटे मात्र अजून हातानेच लावावी लागतात. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची फट असते ती. ते काम आले की मुलगा बापाला हाक मारतो. फिलर गेजची जुनी जुडी तीच आहे. तिच्यातल्या पातळ पट्ट्या वापराने लखलखीत आहेत, आणि पॉइंटची पट्टी शेजारच्या पट्टीला गंजून चिकटली आहे.