अळूवडी

अळूच्या पानांवर डाळीच्या पिठाचे आंबटगोड-तिखट सारण थापून, पाने गुंडाळून वाफवलेला आणि नंतर कापून तळलेला खाद्यपदार्थ. महाराष्ट्रात श्रावणात आणि गणपतीत नैवेद्याच्या ताटात तिला हमखास जागा असते. गुजरातेत हाच पदार्थ पातरा म्हणून ओळखला जातो. गोवा, कारवार आणि मंगळूरकडे तांदूळ, ओले खोबरे व मिरची वाटून पत्रोडे करतात.

पाने : अळूचे (कोलोकेशिया एस्क्युलेंटा) भाजीचे आणि वडीचे असे दोन प्रकार बाजारात वेगळे मागावे लागतात. वडीच्या अळूचे देठ काळपट-जांभळे आणि पान गडद असते. सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर उगवणाऱ्या रुखाळूच्या पानांच्याही वड्या करतात. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे कच्चे पान घशाला खाजते. म्हणून सारणात चिंचेचा कोळ किंवा आमसूल घालतात. मात्र नुसत्या चिंचेवर विसंबू नये, उंडा (सारण लावलेल्या पानांची गुंडाळी) आतपर्यंत शिजलाच पाहिजे. चिरताना हाताला तेल लावावे.

कृती : मध्यम आकाराच्या 10-12 पानांना साधारण दीड ते दोन वाट्या डाळीचे पीठ लागते. त्यात थोडी तांदळाची पिठी, चिंच, गूळ, तिखट, हळद, धणे-जिरेपूड, तीळ, मीठ आणि चमचाभर तेल घालून पीठ लावण्याजोगे सैल भिजवतात. पाने धुऊन पुसून घ्यावीत. पाठीवरची जाड शीर सुरीने तासून वरून लाटणे फिरवले की पान गुंडाळताना फाटत नाही. अळवावर पाणी ठरत नाही, तसे गुळगुळीत बाजूवर पीठही नीट धरत नाही. म्हणून पानाची पाठ वर ठेवून पातळ थर द्यावा. सर्वांत मोठे पान खाली, त्यावरचे उलट टोकाने, अशी चार-पाच पाने रचून दोन्ही कडा आत दुमडतात आणि घट्ट उंडा वळतात. अळूवडी बिघडते ती बहुधा जाड थरामुळे. मग खाणाऱ्याला पान लागतच नाही, पिठाचाच गोळा लागतो.

तेल लावलेल्या चाळणीत उंडे 15-20 मिनिटे वाफवतात. सुरी खुपसली तर ती स्वच्छ बाहेर यावी. पूर्ण गार झाल्यावरच कापावेत, गरम उंड्याचे पदर सुटतात. तळताना गुळामुळे वड्या लवकर करपतात, म्हणून आच मध्यम ठेवतात.

साठवण : पदार्थ दोन टप्प्यांत होत असल्याने आदल्या दिवशी उंडे वाफवून ठेवणे सणाच्या स्वयंपाकात फार सोयीचे. कच्चे उंडे ठेवू नयेत. मिठाने पाणी सुटून पीठ ओघळते. वाफवलेले, न कापलेले उंडे गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. कोमट असताना झाकण लावले तर आत पाणी धरते आणि उंडा चिकट होतो. फ्रीझरमध्ये ते महिनाभर टिकतात. वड्या कापून ताटलीत सुट्या गोठवाव्यात आणि मग पिशवीत भराव्यात, म्हणजे हव्या तेवढ्याच काढता येतात. तळलेली वडी त्याच दिवशी संपवावी. ओले खोबरे वाढतानाच भुरभुरावे, आधी घातल्यास वडी लवकर आंबते. परदेशातील भारतीय किराणा दुकानांत पातरा डबाबंद आणि गोठवलेल्या रूपातही मिळतो.