आजोबांच्या शिकारी रायफलची नळी गेली, तर नवी कोणत्या काडतुसाची बसवायची?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जुन्या घराण्यांत कपाटात कुलूपबंद असलेली एखादी परवानाधारक रायफल आजही असते. पणजोबांनी घेतलेली, आजोबांनी वापरलेली, वडिलांनी फक्त तेल देऊन जपलेली. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. एक दिवस कुणीतरी नळीतून उजेडाकडे बघतं आणि कळतं की आतून नळी गंजून गेलीय. मग घरात चर्चा सुरू होते. नळी बदलता येईल का? बदलायचीच तर जुन्याच काडतुसाची बसवायची, की वेगळ्या?

इंटरनेटवर शोधलं तर अमेरिकेतले आणि युरोपातले सल्ले मिळतात. त्यांत काडतुसाची ताकद, वेग, धक्का यांवर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे मात्र सुरुवात दुसऱ्याच टोकापासून करावी लागते. कशी, ते एकेक करून बघू.

मिडियम बोअर म्हणजे काय?

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. मिडियम बोअरची सरकारी व्याख्या नाही. पण शिकारी रायफलींच्या जगात साधारण .३३ ते .४० इंच, म्हणजे साडेआठ ते दहा मिलिमीटरच्या आसपासच्या काडतुसांना मिडियम बोअर म्हणतात. हरणासाठी लहान बोअर, हत्तीसाठी मोठा बोअर आणि या दोन्हींच्या मधल्या कामांसाठी हा मधला गट.

या गटातली दोन नावं जगभर टिकली. पहिलं, बर्लिनचे बंदूकनिर्माते ओटो बॉक यांनी १९०५ मध्ये आणलेलं ९.३ × ६२. दुसरं, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलेलं .३७५ मॅग्नम. याशिवाय रिग्बीचं .३५० आणि वेस्टली रिचर्ड्सचं .३१८ ही नावंही जुन्या रायफलींवर कोरलेली दिसतात.

इथे पहिली गंमत लक्षात घ्या. .३१८ च्या गोळीचा व्यास .३१८ इंच नसतो, तो .३३० असतो. नळीच्या आत पिळदार खाचा असतात. काही कंपन्या खाचांच्या मधल्या उंचवट्यांमधलं अंतर मोजून नाव द्यायच्या, काही खाचांच्या तळापासूनचं. त्यामुळे नावावरून काडतूस ठरवायला गेलात तर पहिल्याच पायरीवर फसाल.

कोल्हापुरात या रायफली आल्या कुठून?

कोल्हापूर संस्थान शिकारीसाठी प्रसिद्ध होतं. शाहू महाराजांना शिकारीचा नाद होता. पाळलेल्या चित्त्यांकरवी काळवीट पकडण्याची इथली परंपरा तर देशभर माहीत होती. न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात आजही शस्त्रं आणि पेंढा भरलेले प्राणी बघायला मिळतात. दाजीपूरचं जंगल हे संस्थानाचं राखीव शिकारक्षेत्र होतं. १९५८ मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं. तेच आजचं राधानगरी अभयारण्य.

गवा हजार किलोपर्यंत भरू शकतो. अशा जनावरासाठी त्या काळी मिडियम आणि मोठ्या बोअरच्या रायफली लागत. देशभरातले संस्थानिक, सरदार, इनामदार त्या विलायतेतून मागवत.

इंग्रजांनी घातलेली अट, जी आजही पिच्छा सोडत नाही

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने भारतात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. कारण साधं होतं. फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल याच व्यासाची. बंडखोरांच्या हाती त्या बोअरच्या गोळ्या पडू नयेत, ही भीती. मग कंपन्यांनी भारतासाठी .४६५, .४७० अशी नवी काडतुसं काढली. म्हणजे ती काडतुसं प्राण्यामुळे जन्मली नाहीत, कायद्यामुळे जन्मली.

थ्री नॉट थ्रीचंही तसंच. फौजेची गोळी असल्यामुळे ती सामान्य माणसाला बंद. मग तोड काय निघाली? थ्री नॉट थ्रीच्या ली-एनफिल्डसारखाच सांगाडा घ्यायचा आणि त्याला .३१५ ची नळी बसवायची. .३१५ म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं जुनं आठ मिलिमीटरचं मॅनलिकर काडतूस. त्याच्या बुडाची कड थ्री नॉट थ्रीच्या कडेइतकीच जवळपास असल्यामुळे ते त्या सांगाड्यात जमून गेलं.

पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने पुढे हीच .३१५ बनवली आणि ती देशातली सर्वांत ओळखीची परवान्याची रायफल झाली. तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीत बनत आली. पुंगळीच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं असतात, ती खडकी कारखान्याची खूण.

थोडक्यात, कायदा आणि पुरवठा बघून काडतूस निवडायचं आणि मग नळी ठरवायची, हा धडा आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे.

नळी खराब का होते?

फार गोळ्या झाडून नळी झिजते हे खरं, पण घराण्यातल्या रायफली बहुतेकदा झिजत नाहीत, गंजतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या स्फोटक मिश्रणातून नळीत क्षार उरायचे. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडचा पावसाळा कसा असतो ते सांगायला नको. शिकारीनंतर नळी नीट धुतली नसेल तर दोन-चार पावसाळ्यांत आत खड्डे पडतात.

यावर जगभर तीन उपाय आहेत. पहिला, त्याच काडतुसाची नवी नळी बसवणं. दुसरा, जुनीच नळी आतून मोठी करून वरच्या बोअरची करणं. तिसरा, पूर्णपणे वेगळ्या काडतुसाची नळी बसवणं. दुसरा आणि तिसरा उपाय निवडला की काडतुसाचा प्रश्न येतो.

सांगाड्यात काय बसेल? चार कसोट्या

समजा, रायफल जुन्या माउझर सांगाड्यावरची .३१८ आहे. ही काडतुसं आता सहज मिळत नाहीत. मग पर्याय असे तपासतात.

• बूड: बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडाला धरतं. .३१८, ९.३ × ६२ आणि .३०-०६ यांची बुडं जवळपास सारखी, १२ मिलिमीटरच्या आसपास. .३७५ मॅग्नमचं बूड साडेतेरा मिलिमीटरचं. म्हणजे बोल्टच बदलावा किंवा कोरावा लागेल.

• लांबी: ९.३ × ६२ ची पूर्ण लांबी सुमारे ८३.६ मिलिमीटर, .३०-०६ ची सुमारे ८४.८. .३१८ यापेक्षा किंचित लांब असल्याने ही दोन्ही तिच्या मॅगझिनमध्ये मावतात. .३७५ मात्र ९१ मिलिमीटरच्या वर जातं. त्यासाठी सांगाड्यातलं पोलाद कोरायचं, म्हणजे जोर पेलणाऱ्या जागेचंच पोलाद कमी करायचं.

• दाब: युरोपीय मानकानुसार ९.३ × ६२ ची कमाल मर्यादा ३,९०० बार, .३०-०६ ची ४,०५० आणि .३७५ ची ४,३००. शंभर वर्षांच्या पोलादावर जास्त दाबाचं काडतूस लादणं म्हणजे चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर जुगार खेळणं.

• ताकद आणि धक्का: नेहमीच्या भरणीत .३०-०६ ची ऊर्जा सुमारे ३,९०० ज्यूल, ९.३ × ६२ ची ४,८००, तर .३७५ ची ५,७०० च्या आसपास. ऊर्जा वाढली की खांद्याला बसणारा धक्काही वाढतो.

कागदावर बघितलं तर ९.३ × ६२ हे सरळ उत्तर आहे. मिडियम बोअर आहे, दाब कमी आहे, सांगाड्यात फारसा फेरफार नाही. युरोपात अशा जुन्या माउझरसाठी बरेच जण हेच निवडतात.

मग कोल्हापुरातही तेच निवडायचं का?

इथेच गणित फिरतं. आपल्याकडे काडतुसाला आणखी दोन चाळण्या आहेत.

पहिली चाळण, प्रतिबंधित बोअर. शस्त्र नियम २०१६ नुसार .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसं ज्यात बसतात आणि झाडता येतात, अशा रायफली प्रतिबंधित गटात मोडतात. त्यामुळे जगात सर्वाधिक खपणाऱ्या शिकारी काडतुसांपैकी एक असलेलं .३०८ विंचेस्टर आपल्याकडे बाद. ते ७.६२ × ५१ या लष्करी काडतुसाचं भावंडंच आहे. .३०-०६ च्या गोळीचा व्यासही तेवढाच, पण पुंगळी ६३ मिलिमीटरची. काडतूस वेगळं, म्हणून इशापूरने नागरिकांसाठी .३०-०६ ची स्पोर्टिंग रायफलही बनवली. बोअर एकच असला तरी काडतूस वेगळं असू शकतं, हे यातून लक्षात येतं.

दुसरी चाळण, पुरवठा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशातून शस्त्र मागवणं जवळपास बंद आहे. नामांकित नेमबाजांना वेगळी सवलत असते. ९.३ × ६२ आणि .३७५ ही काडतुसं विलायती. नळी कितीही सुंदर बसली तरी तिच्यात घालायला गोळी नसेल, तर ती रायफल म्हणजे महागडी काठी.

दोन्ही चाळण्यांमधून सहज पार पडतं ते .३१५. पण गंमत अशी की ते कड असलेलं काडतूस आहे. बिनकडेच्या काडतुसांसाठी बनवलेल्या माउझर सांगाड्यात ते नीट बसत नाही. ते ली-एनफिल्ड घराण्यातच शोभतं. म्हणजे माउझर असेल तर व्यवहाराच्या जवळ जाणारं नाव .३०-०६, आणि ते मिडियम बोअर नाही.

"उद्यमनगरात करून घेऊ की!"

कोल्हापूरच्या लेथवर काहीही बनतं, हा इथल्या माणसाचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण रायफलची नळी हे लेथचं साधं काम नाही. हजारो बारचा दाब सहन करणारं पोलाद, सरळ खोल छिद्र, आतल्या पिळदार खाचा, सगळं मापात लागतं. त्यातही हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतूस जिथे टेकतं ती जागा यांमधलं अंतर, मर्यादेपेक्षा जास्त झालं तर पुंगळी फाटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कायदा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती, रूपांतर, चाचणी हे सगळं परवाना असलेल्यानेच करायचं. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच आहेत, म्हणजे नुसती नळीसुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी आहे. नळी बनवून देणारा मिस्त्रीही त्यात येतो.

परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. नळी बदलून बोअर बदलला आणि परवान्यावर जुनाच राहिला, तर हातात असलेलं शस्त्र परवान्यातलं राहत नाही. त्यामुळे आधी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची लेखी परवानगी, मग परवानाधारक कारागीर, मग चाचणी आणि नोंद. क्रम उलटा करायचा नाही.

"नळीच खराब आहे, मग ती बंदूक कुठे राहिली?" हा युक्तिवादही चालत नाही. कलम ४५ मधली सूट अशा शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. नळी बदलली की चालणारी रायफल ही कायद्यासाठी रायफलच.

पण शिकार तर बंद आहे ना?

हो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार. गवा अनुसूची १ मध्ये आहे. तो उसात शिरला तरी त्याला गोळी घालता येत नाही, वनविभागाला बोलवायचं. रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. पिकाला किंवा माणसाला धोका असेल तर कलम ११ नुसार अधिकृत वनअधिकारी लेखी आदेशाने मारण्याची परवानगी देऊ शकतो. आदेशाशिवाय मारलं तर तो गुन्हाच.

खेळासाठी म्हणाल, तर २०१० ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत असो की पॅरिस २०२४ चा कांस्यविजेता स्वप्नील कुसाळे, कोल्हापूरच्या या नेमबाजांचा ५० मीटरचा प्रकार .२२ च्या छोट्या काडतुसाचा आहे. मिडियम बोअरचं तिथे काम नाही.

मग करायचं काय?

रायफल ली-एनफिल्ड सांगाड्यावरची .३१५ असेल आणि शेतीच्या राखणीचा परवाना खरोखर वापरात असेल, तर त्याच काडतुसाची नळी हा सर्वांत सरळ मार्ग. परवान्यावरचा बोअर बदलत नाही, गोळ्या देशात बनतात.

माउझर सांगाड्यावरची .३१८ किंवा .३५० असेल, तर नळी बदलण्याआधी लेखी परवानगी आणि काडतुसांचा खात्रीचा पुरवठा या दोन गोष्टी हातात हव्यात. एकही नसेल तर काम सुरूच करू नका.

आणि रायफल फक्त आठवण म्हणून ठेवायची असेल, तर नळी बदलूच नका. जुन्या विलायती रायफलीची किंमत तिच्या मूळ नळीत, तिच्यावर कोरलेल्या नावात आणि क्रमांकात असते. ती नळी काढली की उरतो फक्त सांगाडा. परवाना वेळेवर वारसाच्या नावावर करून घ्या. एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते, हे विसरू नका. वारसाचा परवाना होत नसेल, तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती रीतसर जमा करता येते.