भूतकाळाचा ताळा

सियागंजातील किराण्याच्या वा मसाल्याच्या पेढीवरचा जुना मुनीम कोणत्याही नव्या हिशेबावर एकदम विश्वास ठेवीत नाही. मागील खतावणीशी ताळा जमला, तरच तो हिशेब खरा मानतो. हवामानशास्त्राला हे शहाणपण फार उशिरा आले.

माळव्याच्या काळ्या मातीला दुष्काळ ठाऊक नाही, असा जुन्या पिढीचा समज होता. संवत १९५६ च्या, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या छप्पनियाने तो मोडला. त्याच १८९९ साली सरकारी हवामान खात्याचे भाकीत चांगल्या पावसाचे होते! हिमालयात बर्फ अधिक पडले की मैदानात पाऊस कमी, हा हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलेला विचार अशा भाकितांच्या आधारांपैकी एक होता. तो निराधार नव्हता. परंतु थोड्याच वर्षांच्या अनुभवावर उभा होता.

गणिती प्रतिरूपाची वाट निराळी. उष्णता, वारा व बाष्प यांचे भौतिक नियम समीकरणांत मांडून ती पायरीपायरीने सोडवावयाची. रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये हाताने केलेले असे गणित प्रसिद्ध केले. उत्तर साफ चुकले होते. पुढे संगणक आले. १९८१ मध्ये जॉन कुट्झबाख यांनी ९००० वर्षांपूर्वीची पृथ्वीची कक्षा व आसाचा कल प्रतिरूपात घातला. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात तेव्हा सुमारे ७ टक्के अधिक ऊन मिळत होते. गणितातून अधिक जोमदार मोसमी पाऊस निघाला. आज ओसाड असलेल्या सहारातील प्राचीन सरोवरांच्या खुणा त्याच्याशी जुळल्या.

हिमनदीचे गणितही असेच. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचे मुख १९३५ मध्ये नकाशावर नोंदले गेले. त्याआधीचा तिचा विस्तार खाली सोडलेले हिमोढ सांगतात. वर साचणारे बर्फ, खाली वितळणारे बर्फ आणि स्वतःच्या भाराने होणारा प्रवाह मांडून, कोणत्या हवामानात ती तिथवर पोचली असेल, हे उलट शोधता येते. मात्र येथे एक पेच आहे. अधिक थंडी आणि अधिक हिमवर्षाव, दोहोंनीही हिमनदी वाढते. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी पश्चिम हिमालयातील देवदारांची वृक्षवलये हिमनद्यांच्या चढउतारांशी ताडून पाहिली, ती याच प्रकारची साक्ष होय.

याच संस्थेच्या पृथ्वी-प्रणाली प्रतिरूपाची गणिते २०२१ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालासाठी उपयोगी पडली. इंदूरची तहान भागविणाऱ्या नर्मदेच्या पाठीशी हिमनदी नाही. तिचा सारा भरवसा पावसावर. त्या पावसाचे उद्याचे गणित ज्या समीकरणांवर सोपवावयाचे, त्यांनी कालचा हिशेब आधी बरोबर द्यावा, एवढाच आग्रह विद्यार्थ्यांनी मनाशी बाळगावा. छप्पनियाचा धडा तोच आहे.